ज्याची पडशी त्याच्या खांद्यावर





मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, कीर्तन लावा, दोन तास उभा राहतो. भाषण माझं काम नव्हे. माझं शिक्षण चौथी, तेही गुरंढोरं राखत केलेलं. तर आपले व्यवस्थापक म्हणाले, "बुवा, कीर्तनात तुम्ही संतांचं सांगता. आज तुमचं सांगा." आता आपलं सांगायचं म्हणजे अवघड. संतांचं सांगताना मान ताठ असते, आपलं सांगताना खाली जाते. पण दिंडीला शंभर वर्षं झाली. अशा दिवशी खोटं बोलायचं नाही, असं ठरवून उभा राहिलो आहे. गोड मानून घ्या.

मी आज पडशीवर बोलणार आहे. पोरांना पडशी ठाऊक नसेल. दोन्ही तोंडांना कप्पे असलेली कापडाची लांब पिशवी. एक कप्पा पुढं, एक मागं, मधला भाग खांद्यावर. त्यात धोतर, बंडी, तांब्या, गाथा किंवा हरिपाठाची पोथी, आणि चार दिवस टिकेल अशी भाकरी, चटणी. आपल्या थोरल्यांनी ही दिंडी काढली तेव्हा ट्रक नव्हता, पाण्याचा टँकर नव्हता, तंबू नव्हता. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. तेवढी वाट ज्याची पडशी त्याच्या खांद्यावर. दिवे घाटात वर चढताना पडशी जड होते, आणि कोण म्हणतं मला नको? कुणी म्हणत नसे. कारण पडशी टाकली तर रात्री पांघरायचं काय, हे ज्याचं त्याला कळत होतं.

आता सामान ट्रकमध्ये जातं. जाऊ द्या, चांगलं झालं, म्हाताऱ्यांचे खांदे वाचले. पण आपल्या दिंडीत नेम आहे. आपलं सामान आपण बांधायचं, त्यावर आपली खूण करायची, आपण ट्रकवर द्यायचं आणि मुक्कामाला आपणच उतरवून घ्यायचं. भिशी ठरलेली, ती आधी भरायची. आपलं ताट आपण घासायचं. आणि चालायचं आपल्याच पायांनी. वारी ही अशी गोष्ट आहे, की ती पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. माझा टाळ चुकला तर शेजारच्याला दोष देता येत नाही. माझ्या तळपायाला फोड आला तर तो मलाच दुखतो. माळ दुसऱ्यानं गळ्यात घातली तरी पाळावी आपल्यालाच लागते.

एवढं सगळं मला ठाऊक होतं. लोकांना सांगतही होतो. पण माझ्या स्वतःच्या घरातली पडशी मी किती वर्षं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून फिरत होतो, ते आता सांगतो.

मी माणदेशातला. आमच्याकडं पाऊस पाहुण्यासारखा. आला तर आला. 1972 च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. आईवडलांबरोबर खडी फोडायला जायचो. मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, त्यावर आम्ही जगलो. त्या कामावर वडील एक बोलायचे, "दुष्काळ आपल्या हातात न्हाय, हातोडा हाय." तेव्हा ते कानावरून गेलं. कळायला चाळीस वर्षं लागली.

वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. दादाला विहिरीजवळचं रान गेलं, मला वरचं मुरमाड. चिठ्ठ्या टाकूनच वाटणी झाली होती, तरी माझ्या मनात बसलं, की दादानं मला फसवलं. मी दादाशी बोलणं सोडलं. एक नाही, दोन नाही, अकरा वर्षं. बांधाला बांध, पण रामराम नाही. आणि मी कीर्तनात भरत आणि रामाचं बंधुप्रेम सांगायचो. लोक डोळे पुसायचे. दादा मागं बसून ऐकायचा. त्याला काय वाटत असेल, याचा मी कधी विचार केला नाही. रान पिकलं नाही की दादामुळं, पोर शिकलं नाही की दादामुळं. माझ्या घरात जे जे बिघडलं त्याला एकच नाव होतं.

मग डाळिंब आलं. मुरमाड रानात डाळिंब चांगलं येतं. मी दोन एकर बाग लावली, भगवा वाण. बोअरला बरं पाणी लागलं. पहिले दोन बहार असे निघाले, की मी उभ्या आयुष्यात तेवढे पैसे पाहिले नव्हते. आणि पैसा आला की माणूस कळतो. मी घरावर स्लॅब टाकला, मोटारसायकल घेतली, लेकीच्या लग्नात पाच गावांना जेवण घातलं. माझी कारभारीण म्हणाली, "अवो, यातलं थोडं बाजूला ठिवा की." मी म्हणालो, "पांडुरंगानं दिलंय, पांडुरंग देईल." लोकांना माझं ते बोलणं फार आवडलं. मलाही आवडलं.

पुढच्या बहाराला तेल्या आला. ज्यांनी डाळिंब केलंय त्यांना सांगायला नको. फळावर आधी तेलकट ठिपका दिसतो, मग तो काळा पडतो, फळ तडकतं. आठ दिवसांत बागेचा बाजार उठतो. आमच्या भागात किती बागा गेल्या. माझीही गेली. इथपर्यंत माझा काही दोष नव्हता, हे मी आजही म्हणतो. रोग हवेतून आला, पावसातून आला. माझा दोष पुढं आहे.

सोसायटीचं पीककर्ज होतं 1,10,000 रुपये. मार्च आला की आम्ही नवं-जुनं करायचो. म्हणजे काय, तर आठ दिवसांसाठी कुणाकडून तरी पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, कर्ज फिटलं असं दाखवायचं आणि पुन्हा नवं उचलून त्याचे त्याला परत करायचे. एका मार्चला मी असेच हातउसने 60,000 घेतले, शेकडा तीन रुपये महिन्यानं. ते भरले. पण नवं कर्ज मिळायला उशीर झाला, मिळालं ते बागेच्या औषधात गेलं, आणि उचललेले 60,000 तसेच अंगावर राहिले. "शेकडा तीन" म्हणजे ऐकायला किती बारीक वाटतं! तीनच की. मी कधी बोटं मोजली नाहीत.

सोसायटीचे हप्ते थकले, नोटिसा यायला लागल्या. मी त्या उघडायचो नाही. देव्हाऱ्यात विठ्ठलाची मोठी तसबीर आहे, तिच्यामागं खोचून ठेवायचो. कारभारणीनं विचारलं तर म्हणायचो, "देवाकडं दिलंय, तो बघून घेईल." एक झाली, दोन झाल्या, चार झाल्या. तसबीर भिंतीपासून पुढं झुकायला लागली. रोज सकाळी मी तिच्यासमोर उभं राहून गंध लावायचो, आणि माझ्या मनाला माहीत होतं की मी देवाकडं बघत नाही. मी त्याच्यामागं काय आहे ते बघायचं टाळतोय.

कुणी विचारलं तर सांगायचो, सरकार माफ करेल. सगळ्यांचं होईल ते माझं होईल. रोगाला बोल लावायचा, बाजाराला बोल लावायचा, दादा तर होताच.

2012 ची वारी. त्या साली पाऊस नव्हता, आमच्याकडं दुष्काळ पडलेला होता. नातेपुत्याच्या मुक्कामाला आम्ही पोचलो. अंधार झालेला. ट्रकवर एक पोरगा सामान काढून देत होता. मी खालून ओरडलो, "अरे, माझी पिशवी दे." तो म्हणाला, "बाबा, खूण काय तुमची?" आता मी खूणच केली नव्हती! बुवा म्हणून सगळे मला ओळखतात, माझी पिशवी कुणीतरी काढून ठेवेलच, ही माझी सवय. पिशवी सापडेना. मी त्या पोरावर तोंड टाकलं. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर, दिवसभर चालून आलेलं, बिचारं रडायला आलं.

आपले त्या वेळचे विणेकरी बाबा, आता वैकुंठवासी झाले, वीणा गळ्यात तशीच, माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "बुवा, पडशी कुणाची?"

मी म्हणालो, "माझी."

"मग त्याला का बोलतुयास?"

एवढंच. मी गप्प झालो. रात्री तंबूत झोप येईना. बाबाही जागेच होते. का कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगितलं. नोटिसा, तसबीर, शेकडा तीन, सगळं. बाबांनी मध्ये एक शब्द बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "देवाच्या मागं ठेवल्यास म्हणतोस. आरं, ठेवायच्या हुत्या तर देवाच्या पुढं ठेवायच्या. पुढं ठेवल्या आस्त्यास तर तुलाबी दिसल्या आस्त्या."

पिशवी दुसऱ्या दिवशी सापडली. दुसऱ्या एका दिंडीच्या ट्रकवर गेली होती. पण बाबांचं ते बोलणं वाखरीपर्यंत माझ्याबरोबर चाललं. त्या एकादशीला कळसाचं दर्शन घेतलं आणि मी काही मागितलं नाही. एवढंच म्हणालो, घरी गेल्यावर तुझ्या तसबिरीमागं हात घालायची मला ताकद दे.

घरी आलो आणि सुनेला हाक मारली. सून बारावी झालेली. म्हटलं, "पोरी, ह्या वाच." ती म्हणाली, "मामा, मोठ्यानं वाचू?" म्हटलं, मोठ्यानं वाच, तुझ्या सासूलाही ऐकू दे. तिनं चारही नोटिसा वाचल्या. मग वहीत आकडे मांडले. 60,000 वर शेकडा तीन, म्हणजे महिन्याला 1,800. बावीस महिने झाले होते. 39,600 नुसतं व्याज. सगळे मिळून 99,600. मंडळी, माझ्या रानातून त्या वर्षी चार पोती बाजरी निघाली नव्हती, आणि माझं व्याज मात्र रोज साठ रुपयांनी पिकत होतं. दुष्काळात न सुकणारं तेवढं एकच पीक.

ऐकून मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. न उघडलेल्या नोटिशीचं भय उघडलेल्या नोटिशीपेक्षा मोठं असतं. उघडली की तो आकडा होतो. आकड्याचं काहीतरी करता येतं.

मग आम्ही चौघं बसलो, मी, कारभारीण, पोरगा आणि सून. ठरवलं, आधी शेकडा तीनचं फेडायचं, कारण ते रोज वाढतं. मोटारसायकल विकली, 17,000 आले. रोगट डाळिंब मुळासकट उपटून जाळलं. ते मी दोन वर्षं नुसतं आशेवर ठेवलं होतं. कारभारणीच्या बचत गटातून दोन शेळ्या घेतल्या. तेव्हा मला कळलं, की ती चार वर्षं महिन्याला पन्नास रुपये गटात भरत होती. मी पाच गावांना जेवण घालत होतो तेव्हा ती पन्नास रुपये वाचवत होती! मी कीर्तनकार, आणि आचरण तिचं.

तरी भागेना. मग मी एक काम केलं, जे मला कर्जापेक्षा जड गेलं. दादाच्या दारात गेलो. अकरा वर्षांनी. दादा ओसरीवर दोरखंड वळत बसला होता. मी म्हणालो, "दादा, मी आजवर तुला बोल लावला. चिठ्ठी माझ्या हातानंच उचलली होती. माझं चुकलं." दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग आत बघून म्हणाला, "चहा ठेवा गं." चहा झाल्यावर मी अडचण सांगितली. त्यानं बिनव्याजी 50,000 दिले. वर म्हणाला, "आधी का आला न्हाईस? तुझी बाग जळताना मला काय दिसत नव्हती व्हय?"

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. आपला भार आपण उचलायचा म्हणजे कुणाकडं मदत मागायची नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. घाटात पडशी खांद्यावर चढवायला शेजाऱ्याचा हात मागतोच की आपण. पण पडशी त्याच्या खांद्यावर टाकून आपण मोकळ्या हातानं पुढं निघून जायचं, ते वेगळं. मी अकरा वर्षं दादाच्या खांद्यावर दोष टाकला होता, आणि हात मात्र मागितला नव्हता. दोन्ही उलटं.

ज्याच्याकडून पैसे घेतले त्याच्याकडं आपणहून गेलो. 67,000 समोर ठेवले आणि म्हटलं, उरलेले 32,600 मी फेडीन, पण व्याज थांबव. मी आपण होऊन आलो म्हणून तो कबूल झाला. ते 32,600 आणि पुढं सोसायटीचं, हे फेडायला मी मजुरीला गेलो. छाटणी मला येत होती. ज्यांच्या बागा वाचल्या होत्या त्यांच्या बागेत कात्री घेऊन जायचो. वय त्रेपन्न. सप्ताहात ज्या लोकांनी माझ्या गळ्यात हार घातले त्यांच्याच बांधावर मी अडीचशे रुपये रोजानं उभा. पहिल्या दिवशी एक तरुण शेतकरी माझ्या पाया पडला आणि लाजून म्हणाला, "बुवा, तुम्हाला काम सांगायला मला बरं वाटत नाही." मी म्हणालो, "मला करायला बरं वाटतं. कुठल्या ओळीपासून धरू?" संध्याकाळी रोज हातात पडला तेव्हा जे वाटलं ते कुठल्याच कीर्तनाच्या पाकिटानं वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी कीर्तनाचं पाकीट ठरवून घेणं बंद केलं.

2016 च्या दिवाळीपर्यंत दादाचे, सोसायटीचे, सगळे फिटले. आणि 2017 साली सरकारनं दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली.

हसा, हसा. गावातही हसले. पारावर एक जण म्हणाला, "बुवा, एक वरीस कळ काढली असती तर फुकटात सुटला असता." त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खोटं कशाला सांगू? चार वर्षांची मजुरी डोळ्यांपुढून गेली. ज्यांना माफी मिळाली त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यांची पिकं गेली होती, त्यांना ती मिळायलाच पाहिजे होती. पण पहाटे उठून काकडा म्हणताना मनात आलं, की माझं नेमकं काय गेलं? पैसे गेले, ते खरं. पण वही आली. दादा आला. पोराला आणि सुनेला घराचा हिशेब कळला. रात्रीची झोप आली. हे माफीत मिळत नाही. आणि ती तसबीर आता भिंतीला सरळ टेकून आहे.

आता थोडं संतांचं. नाहीतर तुम्ही म्हणाल, बुवा स्वतःचंच सांगत बसला.

तुकोबारायांच्या घरी वडिलोपार्जित सावकारी होती. दुष्काळ पडला, घरची माणसं गेली. मग त्यांनी कर्जखतांचे दोन वाटे केले. भावाचा वाटा भावाच्या हातात दिला, आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. ही कथा मी शंभर वेळा सांगितली असेल. पण कर्जात बुडाल्यावर ती मला नव्यानं दिसली. महाराजांनी बुडवली ती लोकांकडून येणं असलेली खतं. लोकांचं देणं असलेली नव्हे! आणि भावाच्या वाट्याला हात लावला नाही. आपलं ते सोडलं, दुसऱ्याचं ते दुसऱ्याला दिलं. आणि मी काय करत होतो? लोकांचं देणं असलेले कागद देवाच्या मागं बुडवत होतो आणि त्याला भक्ती म्हणत होतो.

माढा तालुक्यातल्या अरणचे सावता महाराज. पंढरपूर काही फार लांब नाही, पण त्यांनी मळा सोडला नाही. मळ्यात राबता राबता नाम घेतलं आणि देव त्यांच्या भेटीला मळ्यात आला, अशी आपली श्रद्धा आहे. आजही पांडुरंगाची पालखी अरणला त्यांच्या भेटीला जाते. देव भाजीच्या वाफ्यात आला, कारण वाफा खुरपलेला होता. माझ्या रोगट बागेत येऊन तो कुठं बसला असता?

पण मंडळी, चोखोबाराय विसरू नका. चोखोबांनी काय कमी कष्ट केले? काय कमी भक्ती केली? तरी त्यांना दाराबाहेर राहावं लागलं. ती चोखोबांची चूक होती का? ती दार लावणाऱ्यांची चूक होती. आणि ते दार सगळ्यांना उघडायला 1947 साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. तेव्हा "ज्याचं त्यानं बघावं" हे वाक्य दार लावून घेतलेल्या माणसानं बोलायचं नसतं. आपण आपला भार उचलायचा, हे स्वतःला सांगायचं असतं. पडलेल्याच्या तोंडावर फेकायचं नसतं.

हे मी एका दुःखानं सांगतो. आमच्या भागात एक तरुण शेतकरी कर्जापायी गेला. त्याच्या दारात बसून माणसं म्हणत होती, हिंमत नव्हती त्याच्यात. माझ्या तोंडातून शब्द निघेना. तो पोरगा सप्ताहात माझ्यासमोर पहिल्या रांगेत टाळ घेऊन उभा राहायचा. शेवटच्या सप्ताहात त्याचा टाळ पडत होता, हे मी पाहिलं होतं. ताल चुकला म्हणून डोळे वटारले. पण उतरल्यावर जवळ घेऊन विचारलं नाही, "बाळा, काय झालंय?" त्याची पडशी त्याची होती, कबूल. पण विचारायची जबाबदारी माझी होती. ती मी उचलली नाही. तो भार माझ्या खांद्यावर आहे, तो मी मरेपर्यंत उतरवणार नाही.

सोहळ्यातली समाजआरती तुम्ही पाहिली आहे. चोपदार चोप वर करतात आणि एवढा मोठा समाज एका क्षणात शांत होतो. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिकडं जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो. किती सुंदर रीत आहे बघा! ज्याला अडचण आहे त्यानं टाळ वाजवायचा, गप्प बसायचं नाही. आणि बाकीच्यांनी शांत राहून ऐकायचं, हसायचं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरात तसबिरीमागं काही असेल तर आजच टाळ वाजवा. बायकोला सांगा, भावाला सांगा, दिंडीत सांगा. आमच्याकडं या. पैसे देऊ शकेन असं नाही, पण वही घेऊन शेजारी बसेन.

आता शेवटचं. शंभर वर्षांच्या निमित्तानं मी चार गोष्टी मागतो. वर्गणी मागत नाही, घाबरू नका.

एक. महिन्याच्या दोन एकादश्या असतात. त्यातल्या वद्य एकादशीला, हरिपाठ झाला की घरातल्या सगळ्यांनी वही घेऊन बसायचं. देणं किती, येणं किती, व्याज किती. मोठ्यानं वाचायचं. शेकडा किती ते आधी वर्षावर नेऊन बघायचं. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस, हे सुनेनं सांगितलं तेव्हा मला कळलं.

दुसरी गोष्ट मायमाऊल्यांना. घरच्या कागदांवर अंगठा किंवा सही करण्याआधी "वाचून दाखवा" म्हणा. नवरा बुवा असला तरी म्हणा. बुवा असला तर जास्तच म्हणा.

तिसरी तरुणांना. माळ घालून मागच्या खिशात तंबाखूची पुडी ठेवू नका. माळ नाही पाळता आली तर या, काढून ठेवा, कुणी रागावणार नाही. पण देवाला आणि स्वतःला एकाच वेळी फसवू नका. मी ते करून पाहिलंय.

आणि चौथी आपल्या सगळ्यांना. आपण ज्या गावात मुक्काम करतो ते गाव आपल्याला पाणी देतं, जेवण देतं. आपण उठून पुढं गेलो की मागं पत्रावळ्या, प्लॅस्टिकचे ग्लास, बाटल्या. ग्रामपंचायत बघेल म्हणतो. कुणाचा कचरा? आता फिरती शौचालयं असतात, ती वापरा. या वर्षीपासून आपल्या दिंडीनं तळ सोडताना मागं वळून एकदा बघायचं आणि जागा झाडून निघायचं. शंभर वर्षांच्या दिंडीला हे शोभेल.

थोरल्यांनी ही दिंडी आपल्या हातात दिली ती खांद्यावर पडशी घेऊन चालत. ट्रक आले, तंबू आले, उद्या आणखी काय काय येईल. पण पाऊल उचलायचं यंत्र निघालेलं नाही आणि निघू नये. पांडुरंग वाट दाखवतो, संत बरोबर चालतात, शेजारचा हात देतो. पाऊल मात्र आपलं आपण टाकायचं.

काही कमीजास्त बोललो असेन तर लेकरू समजून पदरात घ्या. दादा मागं बसला आहे, त्याच्यासमोर हे बोलता आलं, मला भरून पावलं.

पंढरीनाथ महाराज की जय! माऊली ज्ञानेश्वर महाराज की जय! जगद्गुरू तुकाराम महाराज की जय!

रामकृष्णहरी.